गार्सिया द ओर्ता यांचा गोव्यांतील ग्रंथ व त्याची अवतरण-परंपरा

१. एखाद्या संशोधकाची योग्यता ठरवितांना त्यानें किती लेखन प्रसिद्ध केलें आणि त्या लेखनाचा आधार इतरांनीं किती वेळां घेतला, हें मोजण्याची चाल आतां सर्वत्र रूढ झाली आहे. वैद्यक व रसायन या दोन शास्त्रांत तर तिचा अंमल विशेष दिसतो. या मोजणीचें मूळ पाहूं गेल्यास इ. स. १९२७ पर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं ग्रॉस व ग्रॉस या अमेरिकन लेखकद्वयानें, लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें ठरविण्यासाठीं, एका प्रमुख रसायन-मासिकांतील आधारनिर्देशांची गणना केली. इ. स. १९६४ त यूजीन गारफील्ड यांनीं सर्व शास्त्रांना व्यापणारी अवतरण-सूचि प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, व इ. स. २००५ त हिर्श नामक पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें संशोधकाचें सारें कर्तृत्व एका अंकांत सांगणारा निर्देशांक सुचविला. ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला त्याचा निर्देशांक १०, अशी त्याची रीत आहे.

जुने कागद व पोथ्या चाळणाऱ्यांस यांत नवीन असें थोडेंच आहे. अमुक टीकाकारानें तमुक ग्रंथांतील वचन घेतलें, म्हणून तो त्याच्या मागाहूनचा, या न्यायानें कालनिर्णय करीत आपण आलोंच आहों. भेद इतकाच कीं, आपण अवतरण नुसतें मोजीत नाहीं. तें घेणाऱ्यानें मूळ पोथी पाहिली होती कीं मधल्या एखाद्या संग्रहांतून तें उचललें, हा प्रश्न आपण आधीं विचारतों. हा प्रश्न न विचारतां केलेली मोजणी कोठें फसते, याचें एक उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर, गोवें येथें, छापलेल्या एका ग्रंथांत सांपडतें. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. गार्सिया द ओर्ता यांचा जन्म पोर्तुगालांतील काश्तेलु द व्हीद या गांवीं सोळाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं झाला. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचें अध्ययन करून त्यांनीं लिस्बन येथें कांहीं काळ अध्यापन केलें, आणि इ. स. १५३४ त मार्तीं आफोंसु द सोझ यांच्या आरमाराबरोबर ते हिंदुस्थानास आले. पुढें मरेपर्यंत त्यांचें वास्तव्य मुख्यतः गोव्यांत झालें. इ. स. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांस पोर्तुगीज सरकाराकडून पट्ट्यानें मिळालें होतें, व वर्षांतून दोनदां फळणाऱ्या तेथील आपल्या आंब्याचा उल्लेख त्यांनीं मोठ्या कौतुकानें केला आहे.

त्यांचा ग्रंथ एकच. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांविषयींचे संवाद, असें त्याचें स्वरूप असून ता. १० एप्रिल १५६३ रोजीं गोवें येथें जुआन्निस द एंदें यानें तो छापून पुरा केला. हिंदुस्थानांत छापल्या गेलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांपैकीं हें एक होय. छपाई ओबडधोबड असून शेवटीं लांबलचक शुद्धिपत्र जोडावें लागलें आहे. चित्र एकही नाहीं. आरंभीं व्हाइसरॉय काउंट द रेदोंदु यांस उद्देशून कवि कामोंइश यांची एक कविता आहे, व ती त्यांची मुद्रित झालेली पहिलीच कविता समजली जाते. त्यामुळें साहित्याचे संग्राहकही या पुस्तकाच्या शोधांत असतात.

ग्रंथाची रचना दोघां वैद्यांच्या संभाषणाची आहे. एक स्वतः ओर्ता, व दुसरा रुआनु नांवाचा, स्पेनांतून नुकताच आलेला कल्पित विद्वान. रुआनु हा ग्रीक, लॅटिन व अरबी ग्रंथांचा अभिमानी आहे. तो गेलन व डायोस्कोरिडीझ यांचीं मतें पुढें करतो, आणि ओर्ता त्यास आपण डोळ्यांनीं पाहिलेली वस्तु दाखवितात. आपण युरोपांत असतों तर या प्राचीनांविरुद्ध बोलण्याचें धैर्य झालें नसतें, अशी कबुलीही ते एके ठिकाणीं देतात. म्हणजे ग्रंथाचा विषय जितका औषधांचा, तितकाच तो आधार-ग्रंथांची किंमत किती धरावी याचाही आहे.

३. ओर्ता यांची माहिती कोठून आली हें पाहूं लागल्यास महाराष्ट्राच्या इतिहासाशीं थेट संबंध येतो. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा (मृत्यु इ. स. १५५३) याच्या दरबारीं त्यांचें वैद्य या नात्यानें जाणेंयेणें होतें. ग्रंथांत ‘निजामोशा’ या नांवानें तो वरचेवर भेटतो. शहानें आपणांस रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें शिकविलीं व आपण त्यास लॅटिन नांवें शिकविलीं, असें ओर्ता लिहितात. शहाच्या पदरीं असलेल्या हकीमांशीं त्यांच्या चर्चा होत, व इब्न सीना याचा ग्रंथ मुळांतून वाचणारे लोक त्यांस तेथें भेटले. कोंकण आणि बालाघाट यांची भूमि, दक्षिणेंतील शाह्यांचीं नांवें व त्यांचे अर्थ, तसेंच घारापुरी व साष्टी येथील लेणीं यांविषयींही ग्रंथांत मजकूर आहे.

दरबाराबाहेरचे साक्षीदारही त्यांत आहेत. निशोत्तरावरील संवादांत मालुपा नांवाचा हिंदु वैद्य प्रत्यक्ष बोलतो. हें नांव मालपा किंवा मल्लाप्पा याचें पोर्तुगीज रूप असावें. घरांतील आंतोनिया ही दासी मागितलेली वनस्पति किंवा फळ आणून पुढें ठेवते, आणि मग वाद मिटतो. बाजारांतील व्यापारी व गोव्यांतील वैद्य यांच्या तोंडची माहिती तर पानोपानीं आहे. संवादाच्या या रूपामुळें कोणती गोष्ट कोणी सांगितली हें वाचकास कळतें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर आधारनिर्देश येथें तळटीपेंत नसून पात्रांच्या तोंडीं आहेत.

४. आतां या ग्रंथाचा प्रवास पाहूं. इ. स. १५६४ त फ्लँडर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस हा स्पेन-पोर्तुगालांत फिरत असतां त्यास या पुस्तकाची प्रत मिळाली. तिचें महत्त्व त्यानें तत्काळ ओळखलें, व इ. स. १५६७ त अँटवर्प येथील प्लांतँ याच्या छापखान्यांतून तिचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. संक्षेप करतांना त्यानें संवादाचें रूप काढून टाकलें, विषयांची मांडणी बदलली, मजकूर आंखडला, स्वतःच्या टीपा घातल्या व चित्रें जोडलीं. सर्व युरोपांतील विद्वानांस वाचतां येईल असें सुटसुटीत पुस्तक त्यामुळें तयार झालें. १५७४, १५७९ व १५९३ या सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, आणि इ. स. १६०५ त तें क्लूसियसच्या परदेशी द्रव्यांवरील मोठ्या संग्रहांत समाविष्ट झालें. इ. स. १५७६ त व्हेनिस येथें इटालियन व इ. स. १६०२ त लिऑं येथें फ्रेंच भाषांतर छापलें गेलें.

इ. स. १५७८ त स्पेनमधील बुर्गोस येथें क्रिस्तोबाल आकोस्ता याचा पूर्वेकडील औषधांवरचा ग्रंथ निघाला. हा वैद्य हिंदुस्थानांत येऊन कोचीन येथील इस्पितळांत काम करून गेलेला होता. डॉक्टर गार्सिया द ओर्ता यांनीं लिहिलेल्या पुष्कळ गोष्टींचा पडताळा यांत घेतला आहे, ही गोष्ट त्यानें मुखपृष्ठावरच नमूद केली. ओर्ता यांच्या पुस्तकांत नसलेलीं वनस्पतींचीं चित्रें त्यानें दिलीं. मजकुराचा बराच भाग ओर्ता यांचाच आहे, म्हणून त्यास चोर ठरविण्याकडे कित्येकांचा कल असतो. परंतु मुखपृष्ठावर ऋण मान्य करणारा माणूस चोर कसा म्हणावा? पुढें क्लूसियसनें आकोस्ताच्या पुस्तकाचाही लॅटिन संक्षेप केला, आणि १६०५ च्या संग्रहांत दोघेही एकत्र बांधले गेले.

इ. स. १५९६ त आम्स्टरडॅम येथें छापलेल्या लिन्स्कोटेनच्या प्रवासवर्णनांत फळें व औषधें यांविषयींचा जो भाग आहे, त्यांतही ओर्ता यांचा मजकूर पाझरलेला दिसतो. बटाव्हिया येथील डच वैद्य बाँटियस (मृत्यु इ. स. १६३१) यानें तर ओर्ता यांच्या विधानांवर टीपा लिहिण्यासाठीं स्वतंत्र प्रकरण घातलें, व तें इ. स. १६४२ त त्याच्या मरणानंतर प्रसिद्ध झालें. एखाद्याचे दोष दाखविण्यासाठीं वेगळें प्रकरण लिहावें लागणें हाही त्याच्या अधिकाराचा पुरावाच होय.

येणेंप्रमाणें उल्लेख मोजूं गेल्यास ओर्ता यांचें नांव युरोपच्या वैद्यकांत शतकभर सर्वत्र आढळतें. याच्या उलट, वर सांगितलेला नवा निर्देशांक लावल्यास त्यांस १ यापेक्षां अधिक अंक मिळणें शक्यच नाहीं. कारण ग्रंथच एक आहे, व निर्देशांक ग्रंथसंख्येच्या वर जाऊं शकत नाहीं. एका मापानें मनुष्य फार मोठा व दुसऱ्या मापानें अगदीं लहान ठरतो. दोन्ही मापांना मूळ ग्रंथ कोणी वाचला हें मात्र सांगतां येत नाहीं.

५. अवतरण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातांना वस्तु कशी बदलते, हें ओर्ता यांनीं स्वतःच एका उदाहरणानें दाखविलें आहे. तें उदाहरण वंशलोचनाचें.

वेळूच्या पेरांत सांपडणारा पांढरा खडेवजा पदार्थ म्हणजे वंशलोचन. संस्कृतांत यास त्वक्क्षीरा असेंही म्हणतात, व त्यापासूनच अरबी ‘तबाशीर’ हा शब्द आला. अरब वैद्यांनीं हें औषध आपल्या ग्रंथांत घेतलें. बाराव्या शतकांत इब्न सीनाच्या ग्रंथाचें लॅटिन भाषांतर झालें, त्यांत तबाशीर या शब्दाबद्दल ‘स्पोडियम’ हा शब्द पडला. परंतु स्पोडियम म्हणजे मूळ ग्रीक अर्थानें राख. धातु गाळण्याच्या भट्टींत सांचणारी ती राख. पुढें कित्येकांनीं त्या नांवाखालीं जाळलेलें हस्तिदंत वापरावयास आरंभ केला. इब्न सीनाच्या भाषांतरांत वेळूचीं जळलेलीं मुळें, तर इब्न रुश्दच्या ग्रंथांत वेळूचा कोळसा, असें त्याचें वर्णन आढळतें.

ओर्ता यांनीं हा सर्व गोंधळ एका संवादांत सोडविला. तबाशीर हें पांढरें असतें, तेव्हां त्यास कोळसा म्हणणाऱ्यानें तें कधीं पाहिलेलें नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद साधा पण निरुत्तर करणारा आहे. तें राख नव्हे, वेळूच्या आंतील रस थिजून झालेला पदार्थ आहे, व इराण आणि अरबस्तानांत तें रुप्याच्या भारोभार विकलें जातें, असें त्यांनीं सांगितलें.

या वादाचें मर्म रसायनशास्त्रानें पुढें उघड केलें. भट्टींतील राख म्हणजे मुख्यतः जस्ताचा प्राणिद, जाळलेलें हस्तिदंत म्हणजे चुन्याचा स्फुरित, आणि वंशलोचन म्हणजे जवळजवळ शुद्ध सिकता. तीन निराळे पदार्थ एका नांवाखालीं रोग्यांच्या पोटांत जात होते, आणि प्रत्येक वैद्य आपल्या आधारासाठीं एकाच प्रतिष्ठित ग्रंथाकडे बोट दाखवीत होता. इ. स. १७९० त पॅट्रिक रसेल यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें तबाशीरावर निबंध वाचला. त्यानें हिंदुस्थानांतून पाठविलेले नमुने घेऊन जेम्स मेसी या तरुण रसायनज्ञानें परीक्षण केलें, व इ. स. १७९१ त आपला निष्कर्ष मांडला कीं, हा वनस्पतिजन्य पदार्थ गारगोटीच्या जातीचा आहे. अम्लांत तो विरघळत नाहीं, क्षारांत मात्र विरघळतो. हाच मेसी पुढें स्मिथसन या नांवानें प्रसिद्धीस आला, व त्याच्या मृत्युपत्रांतील देणगींतून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्था इ. स. १८४६ त स्थापन झाली. रसायनशास्त्रांतील त्याचा हा पहिलाच निबंध होता.

नांवाचा हा खेळ आपल्याकडेही संपलेला नाहीं. त्वक्क्षीरेशीं नातें सांगणारा ‘तवकील’ हा मराठी शब्द आरारुटासारख्या पिठूळ सत्त्वास लावतात. जुन्या वैद्यकाच्या पोथींत तवक्षीर हा शब्द आढळल्यास कोणतें द्रव्य अभिप्रेत आहे, याचा निर्णय म्हणूनच पोथीचा काळ व प्रदेश पाहून करावा लागतो.

६. दुसरें उदाहरण एका मराठी शब्दाचें आहे. ओर्ता यांच्या सतराव्या संवादांत महामारीच्या एका रोग्याची हकीकत आहे. नाडी, घाम, डोळ्यांची स्थिति व पेटके यांचें त्यांतील वर्णन एका जाणत्या वैद्याचें आहे. या रोगास येथील लोक ‘मोर्शी’ म्हणतात व आम्ही पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ म्हणतों, असें ते सांगतात. हा शब्द म्हणजे आपला ‘मोडशी’. मोडणें या धातूशीं त्याचा संबंध उघड आहे. आज मोडशी म्हणजे अजीर्णाचा किंवा थंडीचा साधा विकार असा अर्थ झाला आहे. सोळाव्या शतकांत मात्र तो शब्द प्राणघातक रोगास लावीत, हें या ग्रंथावरून निश्चित होतें. गास्पार कुर्रैया यानेंही इ. स. १५४३ च्या सांथीच्या प्रसंगीं हा शब्द दिला आहे, पण त्याची बखर एकोणिसाव्या शतकापर्यंत हस्तलिखितांतच पडून होती. तेव्हां मुद्रित ग्रंथांत हा शब्द आणण्याचा मान ओर्ता यांच्याकडे येतो.

पुढें फ्रेंचांच्या तोंडीं या शब्दाचें ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचें मरण, असें रूप झालें. रूप बदलल्यावर शब्दाचा अर्थही त्यांस त्या रूपांतच दिसूं लागला, व मूळचा मराठी शब्द झांकला गेला. इ. स. १८८६ त यूल व बर्नेल यांच्या कोशानें तें मूळ पुन्हां उजेडांत आणलें. शब्द सर्वांच्या तोंडीं होता, त्याची जन्मभूमि कोणाच्याच लक्षांत नव्हती. ओर्ता यांच्या ग्रंथाचेंही थोडेंबहुत असेंच झालें.

७. मूळ पोर्तुगीज पुस्तक दुर्मिळ कां झालें, याचें कारण वैद्यकांत नाहीं, धर्मन्यायासनाच्या कारभारांत आहे. ओर्ता हे जबरीनें ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यांतले. त्यांचा मृत्यु इ. स. १५६८ त झाला. पुढच्याच वर्षीं, ता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं, त्यांची बहीण कातारीना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यांत जाळण्यांत आलें. इ. स. १५८० त खुद्द ओर्ता यांच्या अस्थि उकरून काढून त्याही जाळल्या. ज्या दशकांत अँटवर्प येथें त्यांच्या ग्रंथाचा संक्षेप दोनदां पुन्हां छापला जात होता, त्याच्या अखेरीस गोव्यांत त्यांच्या हाडांना अग्नि दिला जात होता. संशोधकाच्या कीर्तीची गणना करणाऱ्या कोणत्याही कोष्टकांत या दोन घटना शेजारीं बसत नाहींत. इतिहासानें मात्र त्या शेजारीं ठेवल्या पाहिजेत.

यानंतर मूळ पोर्तुगीज ग्रंथ पुन्हां छापला जाण्यास तीनशें वर्षें लोटलीं. इ. स. १८७२ त लिस्बन येथें त्याचें पुनर्मुद्रण झालें. काउंट द फिकाल्यु यांची सटीप आवृत्ति इ. स. १८९१ व १८९५ या सालीं दोन भागांत निघाली, आणि मार्कम यांचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९१३ त प्रसिद्ध झालें. न्यायासनाच्या दप्तरांतील कागदांवरून या घराण्याची हकीकत सिल्व्ह कार्व्हाल्यु यांनीं इ. स. १९३४ त उजेडांत आणली. तोपर्यंत ग्रंथाचे चाहते ग्रंथकाराच्या शेवटाविषयीं अंधारांतच होते.

८. या तीनशें वर्षांत विद्वानांनीं ‘गार्सिया आब ओर्तो’ असें नांव घालून जीं अवतरणें दिलीं, तीं बहुतेक क्लूसियसच्या संक्षेपांतून आलेलीं आहेत. यांत क्लूसियसचा दोष नाहीं. त्यानें ग्रंथकाराचें नांव ठळकपणें दिलें, आणि त्याच्यावांचून हा ग्रंथ गोव्याच्या वाळवीबरोबरच संपला असता. तथापि संवाद गेल्याबरोबर संवादांतील माणसेंही गेलीं. मालुपा वैद्याचें बोलणें वैद्याचें न राहतां द्रव्याचा गुणधर्म म्हणून उरलें. आंतोनियानें आणलेलें फळ उरलें, आणणारी गेली. अहमदनगरच्या हकीमांशीं झालेली चर्चा हें ओर्ता यांचें स्वतःचें मत होऊन बसलें. ज्यांनीं साक्ष दिली त्यांची गणना शून्य, व ज्यानें ती आंखडून छापली त्याच्या आवृत्त्या अनेक, असा हा हिशेब आहे.

असें होणें अपरिहार्य नव्हतें. इ. स. १६७८ पासून आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत निघालेल्या मलबारच्या वनस्पतिग्रंथाकडे पाहावें. डच अधिकारी व्हान रेड यानें त्याच्या पहिल्या खंडांत आपल्या साहाय्यकांचीं प्रमाणपत्रें छापलीं. त्यांत इट्टी अच्युतन या वैद्याचें मलयाळी भाषेंतील, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तिघांचें इ. स. १६७५ चें कोंकणी भाषेंतील नागरी लिपीचें प्रमाणपत्र आहे. त्यामुळें तीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत. ओर्ता यांच्या मूळ पुस्तकांतही साक्षीदार होते. फरक इतकाच कीं, प्रमाणपत्र संक्षेप करणाराच्या कात्रींतून वांचतें, संवाद वांचत नाहीं.

९. क्लूसियसनें वापरलेली मूळ प्रत, त्याच्या हातच्या टीपांसह, आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. मूळ व संक्षेप यांच्या मधला दुवा या प्रतीच्या समासांत जपला गेला आहे. काय ठेवलें, काय गाळलें, कोठें शंका आली, हें तेथें दिसतें. आपल्याकडील संग्राहकांस यांतून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पोथी किंवा जुनें पुस्तक हातीं येतांच त्याचे समास, शुद्धिपत्रें व मालकांच्या सह्या यांची नोंद मजकुराइतक्याच काळजीनें करावी. फाटकें शुद्धिपत्र टाकून देऊन नवी बांधणी करणें म्हणजे साक्षीदार हांकलून देऊन निकाल जपून ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक काम आपल्या हातचें आहे. निजामशाही दरबारांतील हकीमांविषयीं फार्सी साधनें, कोंकण-गोमंतकांतील वैद्य घराण्यांकडील पोथ्या व द्रव्यांच्या याद्या, आणि ओर्ता यांच्या ग्रंथांतील मराठी-कोंकणी नांवें, हीं तिन्ही एकत्र ठेवून ताडून पाहिल्यास पुसल्या गेलेल्या साक्षीदारांपैकीं कांहींची तरी ओळख पटण्याजोगी आहे. अवतरणांची संख्या नांवाचा प्रवास सांगते. साक्षीचा प्रवास समजून घ्यावयाचा तर मूळ प्रतीकडेच गेलें पाहिजे. ज्यांच्या दप्तरांत अशा पोथ्या पडून आहेत, त्यांनीं त्या उघडून यादी करण्यास आरंभ करावा, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करतों.